चादरीचं दुसरं टोक

५ जानेवारी

वन्सं,

हो, वन्संच. ठमी म्हणायची आता माझी हिंमत नाही. तू कंपनीची माणूस, खुर्चीवर बसून काम करणारी, केस कापून घेतलेली. तुझ्या दादाने फोटो दाखवला. मानेपर्यंतच ठेवलेत की. तेल लावून लावून तुझ्या आईने वाढवलेले केस होते ते, पण असो, मॅडम झाल्यावर वेणी शोभत नसेल.

फोन का करत नाहीस, असं तुझा दादा रोज विचारतो. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून. मी एक म्हणते तोवर तू चार ऐकवून मोकळी होतेस. कागदावर तरी माझं वाक्य मला पुरं करता येईल. मध्ये तोंड घालायला तू इथे नाहीस, हे एक बरं आहे.

तर आलंय ते. सोमवारी सकाळी हॉलमध्ये शिरले आणि बघते तर ड्रायरच्या पलीकडे, बरोब्बर तुझ्या जागेवर, तुझं माप घेऊन केल्यासारखं एक धूड उभं. दोन हात आहेत, तोंड नाही, पोटाच्या जागी राखाडी डबा आणि खाली चाकं. सुपरवायझर म्हणाले, "वहिनी, ही तुमची नवी जोडीदार." आणि स्वतःच हसले. मी म्हटलं, "हिला चहा लागतो का दूध?" मग त्यांचं हसू गेलं.

बघ, तुझ्यामुळे हॉस्पिटलची सगळी लाँड्री मला वहिनी म्हणते. तू पहिल्या दिवशी त्या आवाजात "वहिनीऽ, इकडचा कोपरा धर" म्हणून ओरडलीस आणि तेच माझं नाव पडलं. आता ओरडणारी गेली आणि नाव राहिलंय.

हॉल ओळखू येणार नाही तुला. टॉवेल, उशांचे अभ्रे, पेशंटांचे झगे, सगळं यंत्रं घडी करतात. त्या बायका गेल्या खाली मळक्या कपड्यांत. रक्ताचं, औषधाचं, उलटीचं वेगळं करत बसतात तोंडाला फडकं बांधून. वरती बाई म्हणून मी एकटी उरले, कारण चादर. चादर ड्रायरमधून कशी बाहेर येईल त्याचा नेम नसतो, दर वेळी नवीन गुंता, आणि तिला समोरासमोर दोन माणसं लागतात. म्हणून आपली जोडी शेवटपर्यंत टिकली होती. आणि नेमकी तू उठलीस, हातांची हालचाल टिपून घेणारे ते वायरींचे हातमोजे घातलेस आणि घडी कशी करायची ते यंत्रं बनवणाऱ्या कंपनीला दाखवून आलीस. मला सांगितलंसुद्धा नाहीस. मला सुपरवायझरकडून कळलं! अगं, तुझ्या भावाने मला कधी कुठली गोष्ट सांगितली नाही, ती तू सांगायचीस. आणि तूच हे लपवलंस.

आता मुद्द्याचं. चादरीच्या तुझ्या बाजूला काय करायचं ते त्यांना तुझ्याकडून मिळालंय. माझी बाजू अजून मिळालेली नाही. तुझ्यासमोर त्यांनी जो कुणी उभा केला होता, त्याला म्हणे चादर आणि टेबलक्लॉथ यातला फरक कळत नव्हता. म्हणून मी हातमोजे घालावेत अशी विनंती आहे. विनंती म्हणे! माझी बाजू मिळाली की समोरासमोर दोन यंत्रं, आणि मी एक तर खाली मळक्यात, नाही तर घरी. मी नाही म्हणून सांगितलंय. हे हात माझे आहेत, मी ते कुणाला देणार नाही.

तुझ्या दादाची तब्येत ठीक आहे. त्याने आशीर्वाद सांगितलाय. माझा नाही.

वहिनी


१४ जानेवारी

ठमे,

सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, कागद खराब दिसतो.

तुझं कौतुक करायला लिहीत नाहीये, आधीच सांगते. पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि ज्याला कळेल असं माणूस जगात एकच आहे, त्याला मी काय करू?

तू चादर ताणायच्या आधी एक झटका द्यायचीस. नुसता मनगटातून, सुळकन. मी किती वेळा म्हटलं असेल की बाई, असा झटका दिलास की माझ्या हातातून कोपरा सुटतो. तर हे धूड तोच झटका देतं! पहिल्या दिवशी माझ्या हातातून कोपरा सुटला आणि मी सवयीने ओरडले, "ठमे!" ड्रायर बंद होता. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

पुढचं ऐक. आपण घडी घालत एकमेकींजवळ आलो की तू क्षणभर थांबायचीस आठवतं? कोपऱ्याला कोपरा लावायला नव्हे गं, बोलायला. लांब असताना ड्रायरच्या आवाजात ऐकू यायचं नाही, म्हणून जवळ आलं की एक वाक्य, मग लांब, मग दुसऱ्या चादरीला पुढचं वाक्य. तुझ्या लग्नाचं अख्खं बोलणं आपण तसंच केलं. "मुलगा बरा आहे." मग लांब. "पण आई कटकटी आहे." मग लांब. "मी नाही म्हणून सांगितलं." माझा तर त्या दिवशी तिथेच जीव भांड्यात पडला होता, कारण तू लांब गेली असतीस तर मी चादर कुणासमोर धरली असती?

तर हे यंत्र जवळ येतं आणि थांबतं. थांबतं आणि काही बोलत नाही. कंपनीचा एक माणूस असतो दिवसभर, जाड चष्मा, त्याला मी चष्मेवाला म्हणते. स्वभावाने गरीब आहे, कुणी वाकडं बोललं की आधी स्वतःच माफी मागतो. त्याला विचारलं, हे थांबतं कशाला? म्हणाला, "कोपरे नीट जुळलेत का याची खात्री करतं. तुमच्या नणंदबाईंची ती पद्धत होती. त्यामुळे घडी सुंदर येते."

मी तोंडावर पदर धरला. हसू आवरेना. पद्धत म्हणे! चुगल्या करायला थांबायचीस तू, आणि आता ते तोंड नसलेलं यंत्र रोज चुगल्या करायला थांबतंय.

मी बोलते त्याच्याशी, खरं सांगते. ते थांबलं की एक वाक्य बोलते. काल सांगितलं, "हिच्या भावाने पुन्हा चष्मा हरवला." मग लांब गेलो. मग जवळ आलो तर ते पुन्हा थांबलं, आणि पुढचं वाक्य मला सुचेना. तू असतीस तर विचारलं असतंस, "कुठे सापडला?" त्यावर माझं चाललं असतं. घडी होते गं त्याच्याबरोबर, उगाच खोटं कशाला बोलू? चांगली होते. पण माझं बोलणं त्याच्यापाशी पुढे सरकत नाही.

हातमोज्यांचं त्याने पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हटलं. मग त्याने माफी मागितली.

वहिनी


२७ जानेवारी

ठमे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठी! मी पानं भरभरून लिहायची आणि तू चार ओळींत वाटेला लावायचं. आणि अक्षर काय झालंय तुझं? कोंबडीचे पाय बरे. कंपनीत सगळं बटणांवर चालतं, लिहायची सवय मोडली असेल.

तू लिहितेस, "वहिनी, त्या हॉलमध्ये वाचवण्यासारखं आहे काय? दिवसभर धग, कानात आवाज, संध्याकाळी बोटं वळत नाहीत. यंत्राला करू दे. तू हात देऊन टाक आणि मोकळी हो."

वाचलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पत्र टेबलावर आपटलं, तुझ्या दादाचा चहा सांडला. मग पुसून पुन्हा वाचलं.

तुझं खोटं नाहीच. धग आहे. माझ्या दोन्ही अंगठ्यांच्या मुळाशी दुखतं, सकाळी डब्याचं झाकण तुझा दादा उघडून देतो. ज्या बायका खाली गेल्या त्यातल्या एकीने परवा मला विचारलं, "वहिनी, तुम्ही वर काय एवढं धरून बसलात? टॉवेलच होते ना ते?" खरंच टॉवेलच होते. चादरी म्हणजे तरी काय, कुणीतरी आजारी माणूस त्यावर झोपणार, घाण करणार, परत आपल्याकडे येणार. यात मिरवण्यासारखं काही नाही. यंत्राने केली म्हणून पेशंटला ती टोचणार नाही. तो चष्मेवाला म्हणतो, पुढच्या वर्षी हे एकटंच चादर घडी करायला शिकेल, समोर कुणी लागणारच नाही. होईलही. टॉवेल जमणार नाहीत असं आपणच म्हणत होतो की नाही? पैजा लावल्या होत्या, तू हरलीस आणि हॉलभर सगळ्यांना चहा पाजलास.

पण मोकळी हो म्हणतेस, मोकळी होऊन मी जाऊ कुठे? तुला खुर्ची मिळाली. मला दुसरं काही येत नाही, ठमे. मी घरात असले की तुझ्या दादाच्या कपाटातल्या शर्टांच्या घड्या उस्कटून पुन्हा घालते. परवा त्याने हात धरून बाजूला केलं. मळक्यात जायचं म्हटलं की मला रडू येतं, घाणीमुळे नव्हे, तिथे सगळ्या एका रांगेत भिंतीकडे तोंड करून बसतात. कुणी कुणाच्या समोर नसतं. मला समोर माणूस लागतं. आता माणूस नाही तर निदान तुझा झटका तरी आहे, तुझं थांबणं आहे. तेवढ्यावर मी तग धरून आहे, आणि तू म्हणतेस तेही देऊन टाक.

असो. एक विचारायचं राहिलं. ते यंत्र चादर उचलताना उजवीकडून जरा खाली का राहतं? डावा हात वर जातो, उजवा मागे पडतो. तू अशी उचलायचीस का? मला आठवत नाही. चष्मेवाल्याला विचारलं तर म्हणाला, तुमच्या नणंदबाईंची स्टाइल आहे.

वहिनी


९ फेब्रुवारी

ठमे,

हे पत्र फाडायचं नाही. शेवटपर्यंत वाचायचं. रागाने लिहितेय आणि कुणावरचा राग ते मला कळत नाहीये.

हॉस्पिटलने नवीन पलंग घेतले. त्यांच्या चादरी मोठ्या, जमिनीला लागू नयेत म्हणून हात डोक्यापर्यंत न्यावे लागतात. आज पहिल्यांदा आल्या. मी माझी बाजू वर घेतली. समोर त्या यंत्राने डावा हात वर घेतला. उजवा छातीपर्यंत आला आणि अडला. मग ते अख्खं धूड डावीकडे कललं, म्हणजे उजवी बाजू आपोआप जरा वर यावी. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा त्याने काय केलं माहीत आहे? डाव्या हाताचा कोपरा चिमटीत तसाच ठेवून, तोच हात खालून आणला आणि उजवं मनगट उचलून धरलं.

चष्मेवाला खूश. म्हणाला, "बघितलंत? ही त्यांची खुबी. दोन्ही हात जवळ आणल्यामुळे कापड सरकत नाही. आम्ही ती तशीच ठेवली."

मी चादर धरून उभी राहिले. अगं, लोखंडाच्या हाताला आधार कशाला लागतो? तो हात थकतो का? दुखतो का? स्वतःचंच मनगट दुसऱ्या हाताने कोण उचलून धरतं? मी माझ्या आईला तसं करताना पाहिलंय, ती पडली होती त्यानंतर. भांडं फळीवर ठेवताना असंच एका हाताने दुसरा हात वर ढकलायची.

माझ्या हातातून चादर पडली. चष्मेवाला धावत आला, पाणी आणलं, माफी मागितली. त्याची काय चूक? तू जसं केलंस तसं त्याने उचललं. दुखणं वेगळं आणि कसब वेगळं हे त्याला कोण सांगणार होतं? मी रोज समोर उभी होते, मला तरी कुठे कळलं?

घरी आले. तुझा दादा खिडकीशी बसून सुई ओवत होता. मी विचारलं, "ठमीच्या खांद्याला काय झालंय?" त्याने सुई खाली ठेवली आणि माझ्याकडे बघेचना. मग मला सगळं कळलं. तरी त्याच्यासमोर बसून एकेक शब्द काढून घेतला. शपथ घातली होतीस म्हणे त्याला. शपथेचं घेऊन बसलाय, बायको भिंतीवर डोकं आपटतेय ते दिसत नाही!

डॉक्टरांनी तुला आधीच सांगितलं होतं की खांदा आता पहिल्यासारखा व्हायचा नाही, वजन उचलणं बंद कर. तरी तू उचलत राहिलीस. का, तर लाँड्रीचा नियम, जोडी मोडली की दोघी खाली मळक्यात. तू एकटी गेली असतीस तर तुझं काही म्हणणं नव्हतं. माझ्यासाठी उचलत राहिलीस. आणि मग कंपनीची माणसं हात मागायला आली तेव्हा तू एकच अट घातलीस, की तुझं यंत्र माझ्यासमोर उभं करायचं, म्हणजे जोडी मोडणार नाही आणि वहिनीची जागा जाणार नाही.

मी तुला मॅडम म्हटलं. मी तुझ्या केसांवरून बोलले. ठमे, तुला वेणी घालता येत नाही म्हणून कापलेस ना? हात मागे जात नाही म्हणून? आणि अक्षर? डाव्या हाताने लिहितेस ना तू मला? आणि मी कोंबडीचे पाय म्हटलं.

इतकी वर्षं तुझ्यासमोर उभी राहिले, तोंडाला तोंड लावून, आणि तुझं दुखणं मला कुणाकडून कळावं? त्या बिनतोंड्याकडून! तू मला का नाही सांगितलंस? एका चादरीत एक वाक्य बोलायचीस ना? "वहिनी, खांदा दुखतोय." तीन शब्द. एवढ्या चादरी गेल्या आपल्या हातांतून, त्यातल्या एकीत मावले नसते?

मला माहीत आहे का नाही सांगितलंस. मी तुझी बाजूसुद्धा ओढली असती आणि तुला नुसतं उभं केलं असतं. ओढलीच असती. त्यात काय बिघडलं असतं?

मी खूप चिडलेय. शेकायची पिशवी वापरतेस ना?

तुझी वहिनी


१६ फेब्रुवारी

ठमे,

आज दोन गोष्टी एकदम आल्या. सकाळी चष्मेवाल्याने सांगितलं की मी यंत्रासमोर हातमोजे घालायला तयार नसेन तर कंपनीला त्याहून चांगला उपाय सुचलाय. मूळ जोडीच बोलवायची. तू आणि मी, समोरासमोर, दोघींना हातमोजे. सोमवारी. तू हो म्हणालीस म्हणे.

आणि दुपारी तुझी चिठ्ठी. "वहिनी, मी येते. तुझ्यासाठी खुर्चीची सोय मी कंपनीत करून घेतेय, तू काळजी करू नकोस. आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला का होईना, समोर उभी तर राहशील ना माझ्या?"

मी जेवणाच्या सुट्टीत बाहेर पायरीवर बसून रडले. खालच्या बायका येऊन विचारून गेल्या, कोण गेलं म्हणून.

ऐक आता. तू येणार नाहीस. ही विनंती नाही, वडीलकीचा हुकूम आहे, आणि तुझ्या दादाचाही आहे, तो मागे उभा राहून मान हलवतोय. नवीन चादरी मोठ्या आहेत. ओल्या असल्या तर जड असतात. एकदा नीट झालं नाही की चष्मेवाला म्हणणार, पुन्हा एकदा, माफ करा, पुन्हा एकदा. तुझा खांदा मी ओळखते आता, त्याची सगळी नक्कल माझ्यासमोर रोज उभी असते. तो हात एका चादरीसाठी पुन्हा वर जाताना मी बघणार नाही. मला भेटायला तुला चादर लागते का गं? इतकी का मी वाईट आहे?

मी चष्मेवाल्याला सांगितलं, हातमोजे आण. मी घालते. यंत्रासमोर घालते. पण तिला बोलवायचं नाही, फोनही करायचा नाही, सोमवार रद्द. तो म्हणाला, यंत्रासमोर तेवढं चांगलं येणार नाही. म्हटलं, नाही तर नाही, जे येईल ते घे.

तो म्हणाला, "वहिनी, तुम्हाला माहीत आहे ना, हे दिलंत की तुमचं इथलं काम संपतं?"

एवढं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बरा माणूस आहे. मी म्हटलं, माहीत आहे.

वहिनी


२१ फेब्रुवारी

ठमे,

झालं. दिले हात.

हातमोजे पातळ असतात, मला वाटलं होतं जाडजूड असतील. आत घाम येतो. मनगटाला वायर. सुरुवातीला मी कोपराच पकडला नाही, पोरींची पहिल्या दिवशी होते तशी गत झाली. मग त्या धुडाने झटका दिला, माझा हात आपोआप घट्ट झाला, आणि पुढे काही विचार करावा लागला नाही. दिवसभर केल्या. ते थांबलं की मी बोलत होते. चष्मेवाला म्हणाला, बोललात तरी चालेल. मी त्याला तुझं सगळं सांगितलं, म्हणजे यंत्राला. एका चादरीत एक वाक्य.

संध्याकाळी त्याने मला पडद्यावर दाखवलं. काळ्या पडद्यावर माझे हात, नुसते ठिपके आणि रेघा. पण माझे होते, मी ओळखले. तो म्हणाला, "एक विचारू? तुम्ही डावा हात नेहमी खाली ठेवता. उजवा वर, डावा खाली. हे का?"

मी म्हटलं, छे, मी कुठे ठेवते? त्याने पुन्हा दाखवलं. प्रत्येक चादरीत तेच. यंत्रासमोर सवय लागली असेल म्हणून त्याने समोर नुसता खांब उभा केला आणि चादर अडकवली. कुणी नाही समोर. तरी माझा डावा हात खाली. तो म्हणाला ही जुनी सवय आहे, काही दिवसांची नाही, हाताला वर्षानुवर्षांची लागलेली आहे.

माझा डावा म्हणजे समोर तुझा उजवा, ठमे.

मी कधीपासून खाली धरत होते गं? मला ठाऊक नव्हतं, तुझी शपथ. तुला वर न्यायला जड जातंय म्हणून माझे हात आपले आपणच खाली येत राहिले, आणि मला त्यांनी सांगितलं नाही. मी तुला विचारत बसले की मला का कळलं नाही. हातांना कळलं होतं. तुला लक्षात आलं होतं का? आलं असणार. म्हणूनच तू काही बोलली नसशील.

तिथेच स्टुलावर बसले आणि चष्मेवाल्याला सगळं सांगून टाकलं. खुबी नाही बाबा, खांदा आहे तो. आणि ही माझी सवय नाही, त्या खांद्यासाठी आहे. त्याने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "मग काय करू? दोन्ही असंच ठेवू का? तुमच्या दोघींची आठवण म्हणून? कामात फारसा फरक पडत नाही."

एक क्षण मला मोह झाला. आपण दोघी तिथे, एक दुखऱ्या खांद्याची आणि एक तिला सांभाळून घेणारी, कायमच्या. पण मग ते डाव्या हाताने स्वतःचं मनगट उचलून धरणारं ध्यान डोळ्यांसमोर आलं. कशाला? तुझं दुखणं त्या हॉलमध्ये दिवसरात्र चालू ठेवून कुणाचं भलं होणार आहे? त्या लोखंडाला दुखत नाही, त्याने का लंगडायचं?

मी म्हटलं, "सरळ करा. दोन्ही."

त्याने केलं. मग यंत्राचे हात वर गेले, दोन्ही एकसारखे, डोक्यापर्यंत. चादर छान ताणली गेली. मी थोडा वेळ बघत राहिले. ते आता तुझ्यासारखं दिसत नव्हतं. दुसरं कुणीतरी होतं, धडधाकट, आणि त्याच्यासमोर उभं राहायचं मला काही कारण उरलं नाही. ॲप्रन काढून खुंटीला लावला.

सुपरवायझर म्हणाले मळक्यात जागा आहे, विचार करा. तू म्हणतेस ती खुर्चीही आहे. अजून काही ठरवलं नाही. भीती वाटतेय, ते लपवत नाही. सकाळी उठून कुठे जायचं नाही, ही कल्पनाच अंगावर येते. पण त्याचं नंतर बघू.

रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. तू काही करून ठेवायचं नाही, स्वयंपाक मी करीन. तुझ्या दादाला सांगितलंय, दोन दिवस राहायचं, मी म्हणेन तेव्हा परत निघायचं. मला तुझ्याशी लांबलचक बोलायचं आहे, मध्ये न थांबता, आणि तू खुशाल मध्ये तोंड घाल.

दार उघडशील तेव्हा डाव्या हाताने उघड.

तुझी
वहिनी